इतिहास व समाजशास्त्र यांची सांगड : बुलडाणा जिल्ह्याच्या अभ्यासाच्या निमित्ताने

पदव्युत्तर शिक्षण घेणारी आपल्या समाजातील मुले-मुली लघुप्रबंधाचा विषय ठरविण्याची वेळ आली की आमच्याकडे येतात. विषय बहुतेकांच्या मनात ठरलेलाच असतो. आपले गाव, आपली माणसे, धम्मदीक्षेपूर्वीची स्थिती आणि त्यानंतरचा बदल. अडचण पुढेच येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगण्यात येते की आजीने सांगितलेली हकीकत हा पुरावा नव्हे, कागद आणा. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला सांगण्यात येते की साठ वर्षांपूर्वीचे उकरून काढणे हे तुमचे काम नव्हे, प्रश्नावली तयार करा आणि शंभर कुटुंबांकडून भरून घ्या. दोघेही एकाच मोहल्ल्यातले, कधी कधी एकाच घरातले. परंतु एकाने भूतकाळ घ्यायचा आणि दुसरीने वर्तमानकाळ, अशी वाटणी करून दोघांनाही परत पाठविले जाते.

अशा रीतीने तयार झालेले प्रबंध आम्ही वाचले आहेत. त्यांतील कष्टांविषयी आदर बाळगूनही सांगावे लागते की आमचे समाधान झाले नाही. इतिहासाच्या प्रबंधात १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्याचे वर्णन आठ पाने येते. परंतु त्या गावातून नागपूरला कोण गेले, कोण गेले नाही, गाडीभाड्याचे पैसे कोठून आणले, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारात काय घडले, याविषयी एक ओळही नसते. समाजशास्त्राच्या प्रबंधात भूमिहीन कुटुंबांची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेली असते. मात्र ही कुटुंबे केव्हापासून भूमिहीन आहेत, जमीन होती आणि गेली की कधी नव्हतीच, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पहिल्या प्रबंधात घटना आहे, माणसे नाहीत. दुसऱ्यात माणसे आहेत, पण ती जणू कालच जन्मली आहेत.

ही दोन शास्त्रे एकत्र कशी आणावीत, हे सांगण्यासाठी परदेशी विद्वानांची नावे घेता येतील. फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ साली नियतकालिक काढून हाच मार्ग चोखाळला. इंग्लंडमध्ये ई. एच. कार यांनी १९६१ मध्ये दोन्ही शास्त्रांमधील दार उघडे असावे असा आग्रह धरला. परंतु आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांची अभ्यासपद्धती

९ मे १९१६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी त्या निबंधाचे शीर्षकच लक्षपूर्वक वाचावे. जातींची यंत्रणा, त्यांची उत्पत्ती आणि त्यांचा विकास, असे तीन शब्द त्यात आहेत. यंत्रणा म्हणजे जात आज कशी चालते, हा समाजशास्त्राचा प्रश्न होय. उत्पत्ती आणि विकास हे इतिहासाचे प्रश्न होत. एका शीर्षकात तिन्ही शब्द घालून बाबासाहेबांनी आजच्या विद्यापीठांतील विभागांची भिंत त्या काळीच ओलांडली होती.

निबंधाची मांडणीही तशीच आहे. प्रथम त्यांनी जातीबाहेर लग्न न करण्याची चाल हे जातीचे मूळ लक्षण मानले. ज्या समाजात गोत्राबाहेर लग्न करण्याचा नियम आधीपासून होता, त्यावर जातीतच लग्न करण्याचा नियम लादला गेला, आणि तो टिकविण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली निर्माण झाल्या, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे झाले यंत्रणेचे विश्लेषण. त्यानंतरच ते विचारतात की हे दार प्रथम कोणी लावून घेतले, आणि इतरांनी ते का लावले. पुरोहितवर्गाने स्वतःला बंदिस्त केले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, हे उत्तर देताना त्यांनी गॅब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला. चालू समाजाचे यंत्र आधी समजून घ्यायचे आणि मग ते हाती धरून भूतकाळात शिरायचे, असा हा क्रम आहे.

अस्पृश्यतेच्या उगमावरील त्यांच्या १९४८ च्या ग्रंथात हीच पद्धत अधिक धीटपणे वापरलेली दिसते. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर का, हा तेथील एक प्रश्न आहे. वस्ती गावाबाहेर असणे ही तर आजही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट. तिच्यापासून सुरुवात करून त्यांनी आयर्लंड व वेल्समधील प्राचीन परकी लोकांच्या वस्त्यांशी तुलना केली, १९१० सालच्या जनगणना आयुक्तांच्या परिपत्रकातील कसोट्या तपासल्या, धर्मग्रंथ व चिनी प्रवाशांचे वृत्तांत पाहिले. जेथे थेट पुरावा मिळत नाही तेथे तुटलेला दुवा तर्काने जोडावा लागतो, हेही त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितले आणि आपला सिद्धांत अंतिम असल्याचा दावा केला नाही. आपल्यातील काही मंडळी तो सिद्धांत पाठ करतात आणि पद्धत विसरतात. आमच्या मते विद्यार्थ्याने याच्या उलट करावे. बाबासाहेबांचा एखादा निष्कर्ष पुढील पुराव्याने बदलावा लागला तर त्यात त्यांचा अवमान नाही, कारण तपासण्याची वाट त्यांनीच मोकळी ठेवली आहे.

त्यांच्या आधी महात्मा फुले यांनी, आणि नंतर १९३३ च्या 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' या ग्रंथात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी, लोकांच्या चालीरीतींतून इतिहास वाचण्याचा प्रयत्न केला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात खेड्यातील जिवंत देव-देवता, अवजारे आणि वाटा यांना पुराव्याचा दर्जा दिला. एलिनॉर झेलियट यांचा महार चळवळीवरील प्रबंध १९६९ चा. त्या इतिहासाच्या अभ्यासक, पण त्यांनी माणसांना भेटून लिहिले. गेल ऑम्वेट या समाजशास्त्राच्या, पण सत्यशोधक चळवळीचा त्यांचा १९७६ चा ग्रंथ जुन्या कागदांतून उभा राहिला आहे. नावे आणखी आहेत. आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू.

वऱ्हाड म्हणजे पुणे-सातारा नव्हे

आपल्या विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक येथे नमूद करतो. गावगाड्याचे वर्णन करताना ते त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथावरून किंवा त्यावर आधारलेल्या क्रमिक पुस्तकावरून मजकूर घेतात आणि तो मेहकर-चिखलीच्या खेड्यास चिकटवतात. महारवतन, १८७४ चा मुंबई वतन कायदा, त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणलेले विधेयक, हे सारे ओळीने येते. परंतु तो कायदा मुंबई इलाख्याचा होता. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हताच.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडले गेले. जमिनीची मोजणी व धारा मुंबईच्या रयतवारी पद्धतीने झाली हे खरे, पण महसुलाचा कायदा वऱ्हाडचा स्वतंत्र होता. जुन्या कागदांत गावकीचे काम करणाऱ्यास 'कामदार महार' असा शब्द येतो. त्याचे हक्क, बलुते व येसकरकी यांची रीत साताऱ्याच्या वतनदारासारखी असेलच असे धरून चालता येत नाही. ती त्या त्या गावात शोधावी लागते. समाजशास्त्राचा विद्यार्थी जर राज्यकारभाराचा एवढा इतिहास न पाहता प्रश्नावली घेऊन गेला, तर तो म्हाताऱ्यांना 'तुमचे वतन कधी गेले' असे विचारील, आणि म्हातारा बिचारा 'आमचं वतन कवाच नव्हतं' असे सांगेल. मग तक्त्यात 'माहिती नाही' या रकान्यात आणखी एक भर पडेल.

आकड्यांचेही तसेच आहे. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली आणि खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून काढून बुलडाण्यास जोडले गेले. हे लक्षात न घेता १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतील जिल्ह्याचे आकडे शेजारी मांडले तर दहा वर्षांत लोकसंख्या एकदम फुगल्याचे दिसेल आणि विद्यार्थी त्याची सामाजिक कारणे शोधत बसेल. दुसरी गोष्ट अशी की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे दीक्षा समारंभ झाला तेव्हा नागपूर ही आपल्या राज्याची राजधानी होती, आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी आपण मुंबई राज्यात आलो. म्हणून जिल्ह्याची १९५१ ची जनगणना मध्य प्रदेशाच्या खंडांत सापडते आणि १९६१ ची महाराष्ट्राच्या. ज्याला हे ठाऊक नाही तो ग्रंथालयात चुकीच्या कपाटापुढे उभा राहतो.

कापसाचा धागाही असाच दोन्ही शास्त्रांतून जातो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर वऱ्हाडी कापसाला भाव आला. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला आणि खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. रोख मजुरी देणारे काम गावाबाहेर मिळू लागले, त्यामुळे बलुत्याच्या भाकरीवरचे अवलंबन सैल होण्यास जागा झाली. उलट विदर्भात आपल्यापैकी अनेक घरांत हातमागाचे विणकाम होते, त्याला गिरणीच्या कापडाने मारले. एकच कारखाना एका घराला सोडवितो आणि दुसऱ्या घराला बुडवितो. हा हिशेब घरोघर विचारल्याशिवाय लागत नाही, आणि रेल्वे केव्हा आली हे ठाऊक असल्याशिवाय विचारताही येत नाही.

मेहुणा राजाचा चोखोबा

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव परंपरेने संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. दुसरी परंपरा त्यांना मंगळवेढ्याचे मानते. मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू असता १३३८ मध्ये भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. जन्मस्थान खरे कोणते, असा वाद आपल्याकडे दरवर्षी होतो. इतिहासाचा विद्यार्थी या वादात उतरतो. त्याने अवश्य उतरावे, पण साधनांचा काळ सांगावा. महिपतीचा 'भक्तविजय' हा संतचरित्रग्रंथ १७६२ चा, म्हणजे चोखोबांच्या निधनानंतर चार शतकांहून अधिक काळाने रचलेला. अभंग कोणी लिहून ठेवले, त्यांच्या प्रती कोणाच्या हातून फिरल्या, हेही पाहावे लागते.

परंतु केवळ एवढ्यावर थांबले तर एक मोठा विषय हातचा जातो. चोखोबा कोठे जन्मले हा एक प्रश्न आणि चोखोबा आपले आहेत असे कोणी, केव्हा, कशासाठी म्हटले हा दुसरा प्रश्न. या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या प्रारंभी आपल्या समाजात सुधारणेची चळवळ सुरू झाली तेव्हा किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात १९०७ साली काढलेल्या मुलींच्या शाळेला चोखामेळ्याचे नाव दिले. पुढे वसतिगृहांना तेच नाव पडले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा संत गाडगेबाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ चा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. आणि त्यानंतर आठ वर्षांनी धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून अनेक घरांतून चोखोबांची तसबीर उतरली.

ती उतरली हे आपण सारे जाणतो. पण कोणत्या घरातून लगेच उतरली, कोणत्या घरात आजी जिवंत असेपर्यंत राहिली, पंढरीची वारी कोणी सोडली आणि कोणी गुपचूप चालू ठेवली, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? इरावती कर्वे यांनी वारीबरोबर चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्याही जातीजातीने कशा वेगळ्या राहतात, हे त्यांनी पाहिले. दिंडी पाहणे हे समाजशास्त्र झाले. मेहुणा राजा परिसरातील आपल्या वृद्धांना त्या काळाविषयी विचारून त्यांच्या उत्तरांना सालांची जोड देणे, हे दोन्ही शास्त्रांचे काम आहे. येथे एक सूचना करावीशी वाटते. विचारणाऱ्याने न्यायाधीश होऊ नये. 'तुम्ही दीक्षेनंतरही वारीला जात होता काय' हा प्रश्न आरोपाच्या सुरात विचारला की उत्तर 'नाही' असेच येते. आम्ही स्वतः एकदा ही चूक केली आहे. समोरच्या आजीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि नंतर तासभर फक्त शेतीचे सांगितले.

शाळेचे रजिस्टर

कागद नाही असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि जिवंत माणसांची नावे प्रबंधात उघड करू नयेत, हे सांगणे नको. त्या रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, धर्म, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. एका रजिस्टराची पाने आम्ही सलग उलटली तेव्हा पहिली गोष्ट ही दिसली की निम्म्या मुलांचा जन्म १ जुलैचा. म्हणजे ती तारीख गुरुजींची, आईची नव्हे. वय काढताना हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नावे पाहावीत. १९५६ पूर्वीच्या पानांवर कचरू, धोंडू, उकर्डा अशी नावे भेटतात. पुढे काही वर्षांनी सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, प्रज्ञा ही नावे येऊ लागतात. धर्माच्या रकान्यातही बदल दिसतो, पण तो एका दिवसात होत नाही. थोरला भाऊ एका धर्माचा, धाकटा दुसऱ्या धर्माचा आणि बाप एकच, असेही दिसते. कधी आधीचा शब्द खोडून वर नवा लिहिलेला असतो. त्या खोडण्याची शाई वेगळी आहे काय, सही आहे काय, तारीख आहे काय, हे पाहणे इतिहासकाराचे काम. ते कोणी खोडावयास लावले, बापाने, शिक्षकाने की तालुक्याच्या कचेरीने, आणि का, हे समाजशास्त्रज्ञाने विचारावे.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. उकर्डा हे नाव म्हणजे अपमानाची खूण आणि सिद्धार्थ म्हणजे स्वाभिमानाची, असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. त्यातील उत्तरार्धाविषयी आमचा वाद नाही. पण तेच रजिस्टर नीट पाहिले तर उकर्डा, कचरू, धोंडू ही नावे इतर जातींच्या मुलांचीही सापडतात. आधीची लेकरे जगली नाहीत की नंतरच्याला असे नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर पडणार नाही, ही समजूत साऱ्या गावाची होती. तेव्हा ही नावे जातीच्या अपमानाबरोबर बालमृत्यूचाही दाखला देतात. आपल्या वस्तीत ती इतरांपेक्षा अधिक होती काय, हे मोजून पाहावे. मोजण्यासाठी कोतवाल बुक उपयोगी पडते. जन्म-मृत्यूच्या या नोंदींची नक्कल आपल्या विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी अनेकांनी काढलेली असते. दाखला मिळाला की ती नक्कल पेटीत जाते. वास्तविक त्या एका पानावर मृत्यूचे वय आणि कारण या नोंदींतून त्या वर्षीच्या गावाची अवस्था उभी राहते.

धर्माच्या रकान्याचा प्रश्न जनगणनेपर्यंत पोहोचतो. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली आणि २०११ मध्ये ६५,३१,२००. पहिल्या दोन आकड्यांमधील अंतर पाहून आपला ऊर भरून येतो. परंतु अभ्यासकाने पुढे विचारावे की १९६१ साली प्रत्येक पात्र माणसाने 'बौद्ध' असेच लिहिले काय? धर्म बदलला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही टांगती तलवार होती. राज्यापुरत्या सवलती महाराष्ट्रात आधी मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीची वाट पाहावी लागली. मधल्या काळात मनाने बौद्ध आणि कागदावर वेगळे असे कित्येक जण राहिले. तेव्हा जनगणनेचा आकडा श्रद्धेबरोबर भीतीचे, नोकरीचे आणि शिष्यवृत्तीचेही मोजमाप करतो. हे घरोघर विचारून तपासता येण्यासारखे आहे, मात्र ज्यांनी तो निर्णय घेतला ती पिढी आता फार थोडी उरली आहे. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंचाऐंशीच्या घरात आहे.

ई-क्लासची जमीन

आणखी एक विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे. आपल्याकडे गायरानाला लोक 'ई-क्लास' म्हणतात. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीत जमीन आम्हाला द्या, ही त्यांची मागणी. त्यानंतर ठिकठिकाणी आपल्या लोकांनी ई-क्लासवर नांगर धरला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. मग प्रश्न आला पुराव्याचा. तलाठ्याकडील गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही आणि अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या, हेच पुरावे ठरले. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरविले, तीच पावती मुलाच्या ताब्याचा आधार झाली. ज्याने दंड भरून पावती जपली त्याचे फावले. ज्याच्या बापाला तलाठ्याने कधी लिहिलेच नाही, किंवा ज्याची पावती पावसात झोपडीबरोबर गेली, तो वीस वर्षे वाहिलेल्या जमिनीवर कागदाने परकाच राहिला.

इतिहासाचा विद्यार्थी नमुना १-ई वाचून म्हणेल की या गावात इतकीच अतिक्रमणे होती. समाजशास्त्राचा विद्यार्थी शेतावर जाऊन मोजेल तर आकडा वेगळा निघेल. हा जो फरक निघतो तोच खरा विषय आहे. नोंद कोणाची झाली, कोणाची नाही, तलाठी कोणाच्या ओसरीवर बसून लिहीत होता, विधवेचे नाव लागले की दिराचे, हे त्या फरकात दडलेले असते. दोन्ही बाजू एकाच माणसाने पाहिल्या तरच हा फरक दिसतो.

पूर्णाकाठचे भोण

संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोण हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे २००० नंतरच्या दशकात उत्खनन झाले. भाजलेल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि पाटबंधाऱ्याच्या कालव्याच्या खुणा तेथे मिळाल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात बौद्ध वस्ती नांदत होती, हे त्यावरून दिसते. हे ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

या बातमीने आपल्यापैकी अनेकांना दुःख झाले, निवेदनेही दिली गेली. परंतु एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आजचा बौद्ध समाज हा त्या प्राचीन वस्तीचाच थेट वंशज, असे आपल्या सभांतून ठामपणे सांगण्यात येते. स्तूपाच्या विटा एवढे सांगत नाहीत. मधल्या अनेक शतकांचा दुवा अजून कोणी जोडून दाखविलेला नाही, आणि दुवा जोडताना तो तर्क आहे असे स्पष्ट म्हणण्याची शिस्त आपल्याला बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. दुसरीकडे, बुडणाऱ्या गावांतील आजच्या माणसांचा अभ्यास पुरातत्त्वाच्या अहवालात येत नाही. स्तूप पाहण्यास आलेला अभ्यासक विस्थापितांच्या यादीकडे पाहत नाही, आणि पुनर्वसनाची पाहणी करणाऱ्याला टेकाडाखाली काय आहे याचे सोयरसुतक नसते. एकाच धरणाच्या पाण्याखाली दोन्ही जाणार असताना त्यांचे टिपण एका वहीत व्हावे, असे आम्हास वाटते.

वृद्धांकडून माहिती घेताना साल विचारू नये, खूण विचारावी. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा भागात निजामाच्या हद्दीशी सोयरिकी असल्यामुळे 'रझाकारीच्या साली' म्हटले की १९४८ च्या आसपासचा काळ समजतो. जालन्याकडील नातलगांच्या घरी जुना कागद मिळाला आणि त्यावर फसली सन असेल, तर त्यात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन अंदाजे निघतो. मुलाखत सुनेच्या समोर एकदा आणि म्हातारी एकटी असताना एकदा, अशी दोनदा घ्यावी. दोन्ही वेळचे टिपण तारखेसह वेगवेगळे ठेवावे, एकाने दुसरे खोडू नये.

ज्यांच्या घरी दंडाच्या पावत्या, कोतवाल बुकाच्या नकला, जुन्या शाळेचे दाखले, सभांची हस्तपत्रके किंवा १९५६ च्या प्रवासाची एखादी वस्तू असेल, त्यांनी मूळ कागद आपल्याजवळच ठेवावा आणि त्याची छायाप्रत संस्थेच्या वाचनालयात द्यावी. प्रतीच्या मागे गावाचे नाव, कागद कोणाकडून व कोणत्या साली मिळाला, आणि त्याविषयी घरात काय सांगितले जाते, एवढे पेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नये, ती दुसऱ्या बाजूला फुटते.